घर-अंगण: कूलर बाहेर काढण्यापूर्वी

नागपुरात थंडी संपून उन्हाळा लागेपर्यंत जेमतेम सहा आठवडे मिळतात. महाशिवरात्रीनंतर पळस फुलू लागतो आणि गुढीपाडवा उलटेपर्यंत दुपारी रस्ते ओस पडायला लागतात. या मधल्या काळात आलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे, तो म्हणजे घर आणि मुले येणाऱ्या उन्हासाठी सज्ज कशी करावीत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. काही प्रश्न जागेअभावी संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न: आमच्या फाटकाजवळ कडुनिंबाची दोन मोठी झाडे आहेत. फाल्गुन लागला की रोज पोतेभर पाने अंगणात आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर पडतात. शेजारचे काका पाने गोळा करून सकाळी जाळतात आणि त्या धुराने आमच्या मुलाला खोकल्याची उबळ येते. झाडे अर्ध्यावर छाटून टाकावीत, असे आता घरातच ठरू लागले आहे. आपले मत काय? (एक वाचक, नरेंद्रनगर)

उत्तर: छाटू नयेत, निदान या वर्षी तरी नाही. कडुनिंबाची मुख्य पानगळ फेब्रुवारी-मार्चमधील काही आठवड्यांपुरतीच असते. जुनी पाने पिवळी पडून गळत असतानाच तांबूस कोवळी पालवी फुटलेली असते आणि पाडव्याच्या सुमारास झाड पुन्हा हिरवेगार होऊन मोहरते. एप्रिल आणि मेमध्ये आपल्या अंगणावर जी सावली हवी आहे, ती या नव्या पालवीचीच असणार. मार्चमध्ये झाड अर्ध्यावर आणले तर पानांचा त्रास दोन आठवडे आधी संपेल, पण पुढचे तीन महिने फाटक, गाडी आणि बैठकीची भिंत उन्हात तापेल. हा व्यवहार तोट्याचा आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये स्वतःच्या प्लॉटमधील झाड तोडण्यासाठीसुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि झाडाला गंभीर इजा होईल अशी छाटणी त्याच कक्षेत येऊ शकते. विजेच्या तारांना लागणाऱ्या किंवा वाळलेल्या फांद्या काढायच्या असतील, तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा आणि काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यावे.

आता जाळण्याविषयी. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली असून साध्या प्रकरणी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. तरीही शेजारच्या काकांना पहिल्याच भेटीत हा आदेश दाखवू नये, असे आम्ही सुचवू. त्यांच्या अंगणात पडणारी पाने आपल्या झाडाची आहेत, तेव्हा ती उचलण्याची जबाबदारी आपण घेतली तर बोलणे सोपे होते. सकाळी एकदा दोन्ही अंगणे आपल्याकडून झाडून घेतली जातील, एवढे सांगून पाहावे. मुलाच्या खोकल्याचे कारण त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.

गोळा केलेली पाने ठेवण्यासाठी कोंबडीच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा गोल पिंजरा सावलीत उभा करावा. केवळ वाळलेली पाने भरली तर ती महिनोन्महिने तशीच राहतात, कारण कुजण्यासाठी लागणारा नत्र त्यांच्यात पुरेसा नसतो. म्हणून वीतभर पानांच्या प्रत्येक थरावर शेणाचा काला किंवा स्वयंपाकघरातील भाज्यांची देठे-साले टाकावीत, पाणी शिंपडावे आणि वरून ओले पोते झाकावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ढीग आतून सुकतो आणि कुजणे थांबते, ही सर्वांत सामान्य चूक आहे. ढिगातील मूठभर पाने दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, इतकी ओल पुरे. पंधरा-वीस दिवसांनी वरखाली केल्यास पावसाच्या सुरुवातीला खत हाती येते. ज्यांना एवढे सायास नकोत, त्यांनी पाने मोगरा-जास्वंदीच्या आळ्यात दोन बोटे जाडीने पसरून द्यावीत. एप्रिलमध्ये कुंड्यांतील ओल टिकवण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

प्रश्न: आमची मुलगी चार वर्षांची आहे. बेडरूमच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर असतो. मागच्या उन्हाळ्यात पाणी भरताना माझ्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. यंदा कूलर लावण्याआधी नेमके काय तपासावे? शिवाय रात्री खोलीत चिकचिक होते, ती कशाने? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: झिणझिण्या आलेला कूलर जसाच्या तसा पुन्हा लावू नये, हे आधी सांगतो. पत्र्याचा देह, टाकीतले पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि वर फिरणारी मोटर हे सारे एकत्र असल्यामुळे वायरचे आवरण एका ठिकाणी जरी खरवडले गेले तरी संपूर्ण पत्र्यात वीज उतरू शकते. मागच्या वर्षी आपण कोरड्या फरशीवर, पायात चप्पल घालून उभ्या असाल. ओल्या ओट्यावर अनवाणी आलेल्या मुलीच्या बाबतीत परिणाम तेवढ्यावर थांबेलच असे नाही.

इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. पहिली, पंप आणि मोटरच्या वायरी तपासून जुन्या असतील तर बदलाव्यात आणि चिकटपट्टी गुंडाळलेला एकही जोड पाण्याच्या बाजूला ठेवू नये. दुसरी, कूलरच्या पत्र्याला अर्थिंगची तार पक्की स्क्रूने जोडलेली हवी आणि प्लग तीन पिनांचाच हवा. दोन पिनांचा प्लग लावून भागवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे आणि बहुतेक वेळा घात तिथेच होतो. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरच्या बोर्डावर एमसीबी असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असा अनेकांचा समज असतो. एमसीबी वायरीवर जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तर पडतो, म्हणजे त्याचे काम वायर वाचवण्याचे आहे. माणसाच्या शरीरातून जीवघेणा प्रवाह जात असला तरी तो एमसीबीला जाणवण्याइतका मोठा नसतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा लागतो, जो गेलेल्या आणि परत आलेल्या प्रवाहात तेवढा फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही, हे पाहावे.

अर्थिंगचा खड्डाही मार्चमध्येच पाहण्यासारखा असतो. आपल्याकडे तो बांधकामाच्या वेळी केला जातो आणि मग त्यावर कुंडी ठेवली जाते. उन्हाळ्यात खड्ड्याभोवतीची जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडते, म्हणून उन्हाळाभर त्यात नियमित पाणी ओतत राहावे.

एवढे सगळे झाल्यावरही पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढण्याचा नियम मोडू नये. कूलर चालू असताना पाण्याचा पाइप टाकीत सोडून देण्याची सवय घरोघरी दिसते. मुलीला हात लावू नकोस असे सांगून भागणार नाही, कारण गार पत्रा आणि थेंबथेंब गळणारे पाणी चार वर्षांच्या मुलाला बोलावतच असते. स्टँडच्या बाजूने तिला जाता येणार नाही अशी आडकाठी करावी.

टाकीची सफाईही भरण्यापूर्वीच करायची आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. मागच्या पावसाळ्यात चिकटलेली अंडी गच्चीवर झाकून ठेवलेल्या कूलरमध्ये तशीच असू शकतात आणि पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून नुसती धूळ धुऊन चालत नाही, तर ताराच्या ब्रशने आतल्या भिंती घासाव्या लागतात. पुढे दर आठवड्याला एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी, कारण अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. बोअरचे पाणी वापरत असाल तर हीच सफाई क्षारांसाठीही उपयोगी पडते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून जाळ्यांवर पांढरे कवच धरतात, त्यामुळे हवा नीट येत नाही आणि दोष मोटरला दिला जातो. गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलाव्यात. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण त्यांचा वास ज्याला आवडतो त्याला हिशेब सांगण्यात अर्थ नाही.

चिकचिकीचे कारण बहुधा बंद दार हे आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो आणि तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी असते. समोरच्या भिंतीतील खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडाल्यामुळे हवा जास्तीत जास्त सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलरही त्याच्या थोडा अलीकडे थांबतो, तरीही हा मोठा दिलासा आहे. पावसाळ्यात मात्र ३२ अंशांना ७० टक्के आर्द्रता असली की हीच मर्यादा २७ अंशांच्या आसपास जाते. दार बंद ठेवून आपण एप्रिलच्या रात्री खोलीत पावसाळाच तयार करता.

प्रश्न: सहा वर्षांपूर्वी लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधले. दरवर्षी मार्चपासून कुंपणाच्या भिंतीला तडे जातात, जमीनही फाटते, आणि पावसाळ्यात तडे जवळजवळ मिटतात. दोनदा सिमेंटने भरले, पुन्हा उघडले. घराला धोका आहे का? (एक वाचक, हुडकेश्वर)

उत्तर: आपण दिलेले वर्णन काळ्या मातीचे आहे. नागपूरच्या परिघावरील अनेक लेआउट पूर्वीच्या शेतांवर पडलेली आहेत आणि दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. कापूस पिकवणाऱ्याला जी माती हवीहवीशी वाटते, ती घर बांधणाऱ्याला अशी छळते. कुंपणाचा पाया सहसा उथळ असतो, त्यामुळे माती हलली की तो आधी हलतो.

सिमेंट भरून उपयोग होत नाही, कारण सिमेंट ताठ असते आणि तडा दरवर्षी उघडतो-मिटतो. शिवाय उन्हाळ्यात तडा सर्वाधिक रुंद असताना तो घट्ट भरला, तर पावसाळ्यात भिंतीला पूर्ववत होण्यास जागा उरत नाही आणि ताण दुसरीकडे फुटतो. अशा ठिकाणी ताणले जाणारे लवचिक सीलंट वापरावे. भिंत लांब असेल, तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तिचे तुकडे पाडून मध्ये सांधे सोडून घ्यावेत.

मूळ उपाय मात्र मातीतील ओल वर्षभर शक्य तितकी सारखी ठेवण्याचा आहे. घराभोवती किमान तीन फुटांची फरसबंदी करून तिचा उतार बाहेरच्या बाजूला द्यावा, गच्चीचे पाणी पायाशी न सोडता पाइपने दूर न्यावे आणि सांडपाण्याचे चेंबर किंवा टाकी गळत नाही ना, हे पाहावे. घराचा एक कोपरा सदैव ओला आणि दुसरा कोरडा, ही स्थिती सर्वांत वाईट. मोठे झाड भिंतीला खेटून लावू नये, कारण उन्हाळ्यात त्याची मुळे नेमकी तिथली ओल ओढून घेतात. (वर नरेंद्रनगरच्या वाचकांना झाड राखण्यास सांगितले आहे, तो सल्ला फाटकाजवळच्या जुन्या झाडाबद्दल होता. पायाला लागून नवीन झाड लावण्यास तो लागू नाही.)

धोका आहे की नाही, हे कुंपणावरून ठरवता येत नाही, राहत्या घराच्या भिंती पाहाव्या लागतात. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे वर जाणारे तडे दिसत असतील, दारे चौकटीत अडकू लागली असतील, किंवा पावसाळ्यात मिटूनही तडा दरवर्षी थोडा अधिक रुंद होत असेल, तर मिस्त्रीवर विसंबू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. तोपर्यंत तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी आणि मध्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवावी. पट्टी तडकली की भिंत अजून हलते आहे, हे कळते. वरच्या मजल्याचा किंवा नव्या खोलीचा विचार असेल, तर अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, खाली कंदासारखे फुगीर असलेल्या अंडररीम्ड पाइल पायाविषयी इंजिनिअरला जरूर विचारावे.

प्रश्न: मुलाच्या त्वचेला होळीच्या रंगांनी पुरळ येते. पळसाच्या फुलांचा रंग घरी कसा करावा? (एक वाचक, वाडी)

उत्तर: रामटेक किंवा उमरेडच्या बाजूला जाणे झाले तर झाडाखाली पडलेली फुले वेचून आणावीत, फांद्या मोडू नयेत. पाकळ्या देठांपासून सोडवून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी थोडा वेळ उकळाव्यात आणि दुहेरी सुती कापडातून गाळाव्यात. पाकळ्यांवर बारीक लव असते आणि तीच नाजूक त्वचेला टोचते, म्हणून गाळण्यात आळस नको. चिमूटभर चुन्याने रंग अधिक केशरी होतो, परंतु आपल्या मुलासाठी चुना टाळावा. आदल्या दिवशी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहावा.

प्रश्न: मुलगा चौथीत आहे. मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली असून तो दुपारी घरी आला की लगेच सायकल घेऊन पळतो. गेल्या आठवड्यात दोनदा त्याचा घोळणा फुटला. सासूबाई डोके मागे करून कपाळावर ओला कांदा ठेवतात. डॉक्टरकडे न्यावे का? (एक वाचक, झिंगाबाई टाकळी)

उत्तर: कांद्याने अपाय नाही, मान मागे करण्याने मात्र आहे. रक्त घशात उतरते, मूल ते गिळते आणि मग उलटी होते. सासूबाईंना एवढाच बदल सांगावा की मुलाला बसवून डोके किंचित पुढे झुकवायचे, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगायचे. दहा ते पंधरा मिनिटे मध्ये एकदाही सोडून पाहायचे नाही. बहुतेक जण दर मिनिटाला थांबले का म्हणून बोटे काढतात आणि म्हणूनच ते थांबत नाही. कांदा त्यानंतर सावकाश ठेवता येईल.

आपल्याकडे फेब्रुवारी सरला की हवा झपाट्याने कोरडी होते, नाकातील पातळ त्वचा सुकून तडकते, मुले त्यात बोट घालतात आणि रक्त येते. मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे साधे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते दिवसातून दोन-तीनदा घालावेत आणि रात्री नाकपुडीच्या तोंडाशी आतून पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावे. नखे कापलेली असावीत. एवढे करूनही आठवड्यात पुन्हा घोळणा फुटला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. वीस-तीस मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, हिरड्यांतूनही रक्त येत असेल किंवा अंगावर कारण नसताना निळे डाग दिसत असतील, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

सायकलविषयी एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. उष्णतेची लाट जाहीर होईल तेव्हा मुलाला घरात ठेवू, असा आपला हिशेब असतो. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते, किंवा थेट ४५ अंशांवर जावे लागते. नागपूरची एप्रिलच्या उत्तरार्धातील सरासरीच ४० अंशांच्या पुढे असते. म्हणजे पारा ४३ वर गेला तरी लाट जाहीर होईलच असे नाही आणि दुपारी एक वाजता सायकलवर निघालेल्या मुलाला त्या निकषाचा काही उपयोग नाही. जाहीर होण्याची वाट न पाहता, शाळेतून आल्यावर जेवण, झोप आणि मग पाचनंतर सायकल, असा क्रम आतापासूनच लावावा. मेमध्ये तो एकदम लावू गेल्यास मुलगा ऐकणार नाही. शाळेच्या बाटलीत माठातले पाणी द्यावे, ती रिकामी होऊन परत येते का ते पाहावे आणि घरी आल्यावर कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक द्यावे.

प्रश्न: अंगणातल्या संत्र्याच्या कलमाला गेल्या दोन वर्षांपासून पिवळी, जाड खडबडीत सालीची आणि प्रचंड आंबट फळे येत आहेत. पहिली दोन वर्षे फळ गोड होते. खत बदलावे का? (एक वाचक, काटोल रोड)

उत्तर: खताने हे सुधारणार नाही, कारण आपण आता संत्र्याची फळे खात नसून बहुधा जांभेरीची, म्हणजे जाड सालीच्या एका आंबट लिंबाची खात आहात. विदर्भात कलम करताना संत्र्याचे डोळे जांभेरीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसह असलेल्या तिच्या खोडावर भरतात. कलमाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटातून फुटवे आले आणि ते वेळीच काढले नाहीत, तर ते जोमाने वाढून वरच्या संत्र्याला मागे टाकतात. झाड बाहेरून हिरवेगार दिसते, त्यामुळे शंकाही येत नाही.

ओळखण्यासाठी हाच हंगाम चांगला आहे. झाडावर अजून फुले असतील तर फांदीनिहाय पाहावे. संत्र्याचे फूल शुद्ध पांढरे असते आणि जांभेरीच्या कळ्यांवर व पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजूस जांभळट छटा असते. मग खोडाशी माती बाजूला करून जोडाची गाठ शोधावी आणि जांभळट फुलांची फांदी गाठीच्या खालून निघाली आहे का, ते पाहावे. गाठीच्या वर एखादी जरी पांढऱ्या फुलांची जिवंत फांदी असेल, तर झाड वाचवण्यासारखे आहे. खालचे सर्व फुटवे अगदी बुडापासून कापावेत, खुंटी ठेवू नये, आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. एकदम सारा पर्णभार काढल्यास उरलेली फांदी उन्हाने भाजते, म्हणून मोठ्या फांद्या असतील तर खोडाला चुन्याचा हात द्यावा. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी जोडाखाली बोट फिरवून कोवळे फुटवे हातानेच मोडत राहावे.

वर संत्रा उरलेलाच नसेल, तर झाड काढून नवे कलम लावणे बरे. पण ते आता नको, जुलै-ऑगस्टमध्ये लावावे. रोगमुक्त कलमांसाठी अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मे महिन्यातच चौकशी करून ठेवावी, आणि लावताना जोडाची गाठ जमिनीच्या वर किमान वीतभर राहील, याची खात्री करून घ्यावी.